जावक क्रमांक कुठाय? व्हिडिओ कॉलवरच्या 'अटके'तून घरच्या माणसाला बाहेर कसं काढायचं

२०२५ च्या संक्रांतीला दादाचा फोन आला नाही.

दादा कराडला, मी सांगलीला. दर संक्रांतीला सकाळी साडेसातला त्याचा फोन ठरलेला. "तिळगूळ घे आणि एफडीचा दर सांग." मी बँकेत छत्तीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अकरा पासिंग ऑफिसर, म्हणजे व्यवहार तपासून मंजूर करणारी अधिकारी म्हणून. निवृत्त झाले तरी त्याचा हा विनोद काही निवृत्त झाला नाही. संध्याकाळपर्यंत वाट बघून मीच फोन लावला. वहिनींनी उचलला, दबक्या आवाजात. "सगळं ठीक आहे वन्सं, नंतर बोलू."

वहिनींचं कधीच काही ठीक नसतं. गुडघे असतात, गॅस असतो, वरच्या मजल्यावरची बाई असते. फोन ठेवला तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला. दुसऱ्या दिवशी पहाटेची एसटी धरली.

दार वहिनींनी उघडलं, ओठांवर बोट ठेवून. हॉलमध्ये दादा इस्त्रीचा शर्ट घालून ताठ बसलेला, समोर लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवलेला मोबाईल. स्क्रीनवर खाकीतला एक माणूस, मागे तिरंगा आणि कसलंसं बोधचिन्ह. मला बघून दादा खुर्चीतून अर्धवट उठला आणि मोबाईलकडे बघून म्हणाला, "सर, माझी बहीण आलीय सांगलीहून. पाच मिनिटं बोलू का?"

माझा भाऊ पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाला. त्याच्या केबिनबाहेर ठेकेदार तासतास बसून असायचे. आता तो सख्ख्या बहिणीशी बोलायला परवानगी मागत होता. वहिनींनी नंतर सांगितलं, संडासला जातानाही विचारूनच जायचे.

आमच्या घरात जे झालं त्यावरून, आणि काउंटरच्या आतल्या बाजूने जे वर्षानुवर्षं बघितलं त्यावरून हे लिहितेय. तुमच्या घरात असं कुणी बसलेलं सापडलं तर उपयोगी पडेल.

आधी समजून घ्या, आतल्या माणसाला काय दिसत असतं

लोक पहिली चूक करतात ती इथे. "एवढा शिकलेला माणूस, आणि फसला?" असं म्हणून मोकळे होतात. दादा टेंडरमधली पाच पैशांची चूक पकडायचा. शिवाय ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये डिजिटल अरेस्टबद्दल, म्हणजे व्हिडिओ कॉलवरच्या या खोट्या अटकेबद्दल सांगितलं, 'रुको, सोचो, एक्शन लो', तेव्हा ती क्लिप आमच्या घरच्या ग्रुपवर दादानेच टाकली होती! लुधियानाचे एस. पी. ओसवाल, वर्धमान उद्योगसमूहाचे प्रमुख, तेव्हा वय ८२. त्यांच्यासमोर २०२४ मध्ये व्हिडिओवर सुप्रीम कोर्टाची अख्खी खोटी सुनावणी उभी केली होती, सरन्यायाधीशांच्या नावाने खोटा न्यायाधीश बसवून. ७ कोटी रुपये गेले. तेव्हा शिक्षणाचा आणि पैशाअडक्याचा इथे फारसा संबंध नाही.

दादाचा भाबडेपणा वेगळ्या जागी होता. 'आपण काही केलेलं नाही, मग घाबरायचं कशाला? चौकशीला सहकार्य करायचं, कागद दाखवायचे, सुटायचं.' नोकरीत दोनदा त्याची खातेनिहाय चौकशी लागली, दोन्ही वेळा तो कागद दाखवून सुटला. आयुष्यभर खऱ्या ठरलेल्या या अनुभवावरच त्या लोकांनी आपलं घर बांधलं. ज्याने कधी लाच खाल्ली असती, तो पहिल्या फोनलाच "किती घेणार?" विचारून मोकळा झाला असता असं मला राहून राहून वाटतं.

आता हे घर कसं बांधतात ते बघा. भोगीच्या दिवशी सकाळी आधी रेकॉर्ड केलेला आवाज आला, 'ट्राय'कडून, म्हणजे फोन कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाकडून. तुमचे सगळे नंबर दोन तासांत बंद होतील, माहितीसाठी ९ दाबा. (ट्राय कुणालाही असा फोन करत नाही. नंबर बंद करणं हे त्यांचं कामच नव्हे.) ९ दाबल्यावर एक सभ्य मुलगी. तुमच्या आधारवर मुंबईत दुसरं सिम निघालंय, त्यावरून घाणेरडे मेसेज गेलेत, तक्रार आहे. मग 'पोलीस ठाणं', मागे वायरलेसचा खरखराट. मग मनी लाँडरिंग. मग 'सीबीआयचे साहेब'. प्रत्येक पायरीला माणूस मोठा होत जातो आणि आपण लहान.

साहेब दोन होते. एक भुंकायचा. दुसरा रात्री यायचा आणि विचारायचा, "काका, बीपीची गोळी घेतली का?" आमच्या भाच्या-पुतण्यांपैकी कुणी वर्षभरात हे विचारलं नसेल. त्या दुसऱ्या माणसाबद्दल दादा नंतरही दोन दिवस म्हणत होता, "तो तसा वाईट नव्हता गं." याला हसू नका. घर उभं राहतं ते भुंकणाऱ्यामुळे, पण टिकतं या दुसऱ्यामुळे.

आणि 'डिजिटल अरेस्ट' हे शब्द त्यांनी वापरलेच नाहीत. उलट म्हणाले, "हल्ली डिजिटल अरेस्टची फसवणूक फार चालते, तुम्ही ऐकलं असेलच. म्हणून तर आम्ही अधिकृत ऑनलाइन देखरेख ठेवतोय." क्लिप फॉरवर्ड करणाऱ्या माणसाला त्याच क्लिपने गुंडाळलं. फसवणुकीचं नाव पाठ असून भागत नाही ते यासाठी. उद्या नाव बदलेल.

नाव बदललं तरी एक गोष्ट बदलत नाही: "हे कुणालाही सांगायचं नाही." राष्ट्रीय गुपित आहे, घरच्यांना सांगितलंत तर त्यांनाही आत घेऊ. वहिनी दोन दिवस आतल्या खोलीत पलंगावर बसून होत्या. भोगीची भाजी आणि बाजरीची भाकरी ताटाखाली झाकलेली तशीच. संक्रांतीचं हळदीकुंकू चुकलं तेव्हा समोरची बाई विचारायला आली, तर त्यांनी ताप आल्याचं सांगून दारातूनच परत पाठवलं. त्या बाईला आत घेतलं असतं तर साडेअकरा लाख वाचले असते.

दारातून आत गेल्यावर

ओरडू नका. हे मी माझ्या चुकीतून शिकले. २०१८ च्या सुमाराला एका शिक्षकाची विधवा माझ्या टेबलाशी आली, एफडी मोडायला. फेसबुकवर ओळख झालेल्या परदेशातल्या कुणा डॉक्टरने भेटीचं पार्सल पाठवलं होतं, ते दिल्ली विमानतळावर कस्टममध्ये अडकलं होतं, सोडवायला दीड लाख. मला सगळं कळलं आणि मी तिला चार लोकांत झापलं. "अहो बाई, या वयात असल्या नादाला काय लागता?" ती काही बोलली नाही. पावती उचलली आणि गेली. पुढच्या आठवड्यात कळलं की तिने दागिने गहाण टाकून पैसे भरले. मी खरंच सांगितलं होतं, पण असं सांगितलं की त्या डॉक्टरशिवाय तिच्याशी नीट बोलणारं कुणी उरलं नाही.

फोन हिसकावून घेऊ नका, आणि "हे सगळं खोटं आहे" हे पहिलं वाक्य म्हणून बोलू नका. 'घरचे तुम्हाला असंच सांगतील' हे त्यांनी आधीच पढवून ठेवलेलं असतं. तुम्ही तसं म्हणालात की साहेबांचं भाकीत खरं ठरतं.

मग करायचं काय? कॅमेऱ्यात न येता शेजारी बसा. पाणी द्या. आणि त्या माणसाला त्याच्या धंद्यातला, त्याने आयुष्यभर केलेल्या कामातला एखादा प्रश्न विचारा.

मी दादाला म्हटलं, "पत्र दाखव."

पत्रं होती. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली. आदल्या दिवशी बँकेत गेला तेव्हा खिशात फोन चालू ठेवून वाटेत झेरॉक्सवाल्याकडून त्याने ती छापून घेतली होती आणि घरी येऊन, देवा रे, त्यांची फाईल केली होती. पाने क्रमांक घालून, टॅग लावून. मी पहिलं पान उघडलं आणि हळूच विचारलं, "दादा, जावक क्रमांक कुठाय?" (सरकारी कचेरीतून बाहेर जाणाऱ्या पत्रावर नोंदवहीतला जो नंबर टाकतात, तो.)

त्याने चष्मा लावला. पान उलटलं. दुसरं बघितलं, तिसरं. खोलीत फक्त पंख्याचा आवाज. स्क्रीनवरचा माणूस काहीतरी विचारत होता, दादाचं तिकडे लक्ष नव्हतं. मग तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "सीबीआय, रिझर्व्ह बँक आणि सुप्रीम कोर्ट. तिघांचे शिक्के एकाच कागदावर." आणि थोड्या वेळाने, "आमच्या कालव्याच्या फाईलवर आमची आणि महसूलची सही यायला तीन वर्षं लागली होती."

तोवर स्क्रीनवाला गुरकावायला लागला होता. "मॅडम, कॅमेऱ्यासमोर या, तुम्ही सरकारी कामात अडथळा आणताय." मी फोनला हात लावला नाही. तो दादानेच बंद करायला हवा होता. मी बंद केला असता तर रात्री मी झोपल्यावर त्याने परत लावला असता. त्याने बंद केला, पालथा ठेवला, आणि फाईल मात्र हातातच धरून बसला.

तुमच्या घरी अभियंता नसेल. शेतकऱ्याला विचारा, "पंचनामा झाला म्हणतात, पंच कोण होते?" शिक्षिकेला त्या पत्रातलं शुद्धलेखन तपासायला द्या, लाल पेन हातात द्या. दुकानदाराला विचारा, "तू पैसे घेऊन पावती कधी दिली नाहीस असं झालंय का?" नवीन काही शिकवायला जाऊ नका. माणूस जिथे स्वतःच्या घरचा असतो, तिथे त्याला परत नेऊन उभा करा. पुढचं त्याचं त्याला दिसतं.

फोन कट झाल्यावर लगेच दुसऱ्या नंबरावरून येतो, मग तिसऱ्या. आमच्याकडे दुपारपर्यंत सतरा आले. फोन विमान मोडवर टाका आणि दोन दिवस त्या माणसाला एकटं सोडू नका. दारावरची बेल वाजली तरी दादा दचकत होता.

कायद्याचं तेवढंच, जेवढं फ्रिजवर चिकटवता येईल

व्हिडिओ कॉलवर अटक असा प्रकार भारताच्या कुठल्याच कायद्यात नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर नावाची ओळखपट्टी लागते, अटकेचा कागद साक्षीदारासमोर होतो आणि घरच्या किंवा जवळच्या माणसाला कळवावंच लागतं. म्हणजे खरा पोलीस म्हणतो "घरी कळवा", आणि खोटा म्हणतो "घरी कळवू नका". एवढं एक लक्षात राहिलं तरी पुष्कळ. अटकेनंतर चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभं करायचं, हे तर घटनेच्या कलम २२ मध्येच आहे.

चौकशीला हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून चालत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २१ जानेवारी २०२५ ला सांगितलं. दादाच्या प्रकरणानंतर सहाच दिवसांनी. पेपर आला तेव्हा त्याने ते कात्रण कापून त्याच फाईलला लावलं.

खात्री करायची असेल तर त्यांनी दिलेल्या नंबरावर करू नका, आणि 'आमचा नंबर गुगलवर तपासा' म्हणाले तरी नको. स्क्रीनवर खऱ्या ठाण्याचा नंबर दिसेल असा फोन करता येतो. जवळच्या पोलीस ठाण्यात चालत जा. चालताना डोकं थंड होतं आणि वाटेत चार ओळखीची माणसं भेटतात. त्यांना नेमकं तेच नको असतं.

पैसे गेले असतील तर

१९३०, सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. आधी हा नंबर, रडारड नंतर. तिथे फोन लागला की पैसे ज्या खात्यात गेले तिथून पुढे पोचायच्या आत अडवायचा प्रयत्न होतो. हे लोक भाड्याने घेतलेली खाती वापरतात, कुणा बेकार पोराचं, कुणा मजुराचं. पहिल्या खात्यातून दहा, दहातून पन्नास, असे पैसे फुटत जातात. म्हणून इथे तास मोजायचे नसतात, मिनिटं मोजायची असतात. दादाचे ११ लाख ४० हजार मंगळवारी दुपारी आरटीजीएसने गेले आणि आम्ही १९३० ला बुधवारी साडेदहाला फोन केला. वीस तास. त्यातले २ लाख १८ हजार एका तिसऱ्याच खात्यात गोठवले गेले, तेवढेच. ते कोर्टाचा हुकूम होऊन हातात यायला सात महिने लागले. बुधवारी आणखी ९ लाख जाणार होते. दुसऱ्या एफडीचा अर्ज दादाने सही करून टेबलावर ठेवला होता.

फोन करताना हातात काय हवं: आपला खातेक्रमांक, रक्कम, वेळ आणि यूटीआर, म्हणजे बँकेने त्या व्यवहाराला दिलेला ओळख क्रमांक. आरटीजीएसचा यूटीआर २२ अक्षरांचा असतो, पासबुकात किंवा मेसेजमध्ये मिळतो. नसेल तर शाखेत मागा, ते देतात. तक्रारीचा नंबर मिळाला की सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर ती पूर्ण भरा, नुसत्या फोनवर सोडू नका. शाखेला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. (पोच घ्या हे मी छत्तीस वर्षं सांगतेय, कुणी घेत नाही.) चॅट, पत्रं, नंबर काही पुसू नका. शरमेने लोक पहिलं तेच करतात.

आणि मुलांना आवरा. दादाचा मुलगा बेंगळुरूहून फोनवर ओरडत होता, "बाबा, तुम्हाला कळत कसं नाही?" मी फोन घेऊन बाल्कनीत गेले आणि त्याला म्हटलं, ओरडायचं असेल तर माझ्यावर ओरड. त्या आठवड्यात दादा जेवताना मान वर करत नव्हता.

आधीच करून ठेवण्यासारखं

नेटबँकिंगमधली रोजची मर्यादा कमी करून घ्या. ज्याला महिन्याला चाळीस हजार लागतात त्याला दिवसाला दहा लाखांची मर्यादा कशाला? मोठी एफडी दोघांच्या नावावर असेल तर व्यवहार 'दोघांच्या सहीने' असा करा. अडचणीचं आहे, मान्य. पण ती अडचणच कामी येते, कारण मग दुसऱ्याला सांगावंच लागतं. वहिनींचं नाव दादाच्या एकाही ठेवीवर नव्हतं. मी बँकेत होते, मी कितीदा म्हटलं होतं, जाऊ दे.

काउंटरवरच्या प्रश्नावर फार विसंबू नका. दादाच्या शाखेतल्या मुलीने विचारलं होतं, "काका, एवढे कशाला?" त्याने सांगितलं, पुतण्याला फ्लॅट घेतोय. तेही पढवलेलं. आयुष्यात खोटं न बोललेला माणूस पहिल्यांदा बोलला तो चोरांसाठी, आणि इतकं सफाईने की तिला शंकाही आली नाही. तुम्ही काउंटरच्या आत असाल तर "कशाला" विचारू नका. "घरी कुणाला माहितीय? त्यांना एक फोन लावूया का?" असं विचारा आणि चेहरा बघा.

शेवटचं: एकदा फसलेल्या माणसाचा नंबर विकला जातो. मे महिन्यात दादाला फोन आला, "तुमचे अडकलेले पैसे मिळवून देतो, प्रक्रिया शुल्क १८ हजार." दादाने शांतपणे विचारलं, "पत्राचा जावक क्रमांक काय?"

त्यांनी दिला. लगेच. वर्षासकट.

दादाने तो कागदावर लिहून घेतला, फोन ठेवला आणि मला लावला. "अगं, यांच्याकडे जावक क्रमांक आहे गं."

मी म्हटलं, "मग पत्ता माग ऑफिसचा. मी शनिवारी येते, दोघं चालत जाऊन बघू."